म्हशीच्या कानातली बोलणी

माणसानं अजून दावं वळलं नव्हतं तेव्हाची गोष्ट. तळ्याकाठच्या भुरी नावाच्या म्हशीच्या पाठीवरच्या गोचिडी एक बगळा रोज टिपायचा. तरी भुरी खंगत चालली.

"बगळेदादा, कानात ठसठसतंय," ती म्हणाली.

बगळ्यानं तिच्या कानात मान घातली. "काही नाही भुरे, वय झालं. मी रोज येतोच आहे की."

भुरीनं डोळे मिटले. जरा वेळानं तिला आपल्याच कानातून कुजबुज ऐकू आली.

"आमची पिल्लं इथं राहू द्या. तुमच्यासाठी पाठीवर रोज आमच्यातल्या चार म्हाताऱ्या पाठवू," गोचीड म्हणाली.

"ठरलं," बगळा म्हणाला. "फक्त हळू प्या. ही मेली तर दोघांच्याही पोटावर पाय येईल."

भुरीनं दचकून डोळे उघडले. तळ्याकाठी साऱ्या म्हशी निवांत रवंथ करत होत्या. प्रत्येकीच्या कानात एकेक बगळा मान घालून बसला होता.