मौनात चालणारी गाडी

"माझी गाडी काळाच्या पुढे होती की नव्हती, बुवा? हो की नाही, एवढंच सांगा."

रेवणबुवांनी आणखी एक शेंग फोडली. मठाच्या ओट्यावर परात घेऊन ते भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. शेंग फुटायची, दाणे परातीत पडायचे, टरफल बाजूला जायचं.

मुरारराव शिंत्र्यांना राग आला. येणारच की! कोल्हापुराहून घाट उतरून ते काही शेंगा सोललेल्या बघायला आले नव्हते.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय. डोळे गेलेत, कान आहेत अजून."

"मग बोला."

"शेंगा खातोस?"

मुराररावांनी गुडघे धरले. ओट्यावर मांडी घालून बसायचं वय आता त्यांचंही राहिलं नव्हतं.

हे मुरारराव म्हणजे एकेकाळचे मोठे खटपटे. चाळीस वर्षांमागं, लोक स्कूटरसाठी नंबर लावून बसायचे त्या दिवसांत, या माणसानं आपल्या वर्कशॉपात विजेवर चालणारी मोटार बनवली. ट्रकच्या बॅटऱ्या, पिठाच्या गिरणीची मोटर, वर स्वतःच्या हातानं ठोकून काढलेला पत्रा. धूर नाही, वास नाही, आवाज तर नाहीच नाही. नाव ठेवलं हंसिनी. लोक हसले की मुरारराव म्हणायचे, गाढवाला गुळाची चव काय!

हंसिनी एकच झाली. थोडे दिवस धावली, मग ताडपत्रीखाली गेली ती गेलीच. आणि आता, रस्तोरस्ती विजेच्या गाड्या पळायला लागल्यावर, एका मोठ्या शहरातल्या वाहन-संग्रहालयाला जाग आली.

"रविवारी उद्घाटन आहे, बुवा. वेगळं दालन केलंय. वेळेआधी जन्माला आलेल्या गाड्यांचं. एक आहे माशाच्या आकाराची, वारा कापत जाणारी. लोकांनी नावं ठेवली तिला, आणि आज बघा, सगळ्यांचा आकार तोच! एकीत बसणाऱ्याला बांधून ठेवायचे पट्टे होते. गिऱ्हाईक म्हणालं, पट्टे कशाला, धडकणार आहे की काय ही? कुणी घेतली नाही. आणि त्या रांगेत… माझी हंसिनी."

"बरं झालं."

"बरं झालं? बस, एवढंच?"

"मग काय पेढे वाटू?"

बुवांच्या शेजारी एक बाई शेंगा निवडत बसली होती. ती पदरात तोंड लपवून हसली. मुराररावांनी तिच्याकडे बघितलंही नाही. मठ म्हटला की अशा कामाला लागलेल्या बायका असायच्याच.

त्यांना आणखी एक गोष्ट खटकत होती. आज गुरुवार. या मठाचा गुरुवार म्हणजे काय होता, ते पंचक्रोशीला ठाऊक होतं. सूर्य उगवल्यापासून सांजेच्या आरतीपर्यंत चकार शब्द नाही. पोरं रडली तर बायका त्यांना घेऊन ओढ्यापलीकडे जायच्या. फाटकाच्या अलीकडे बैलगाडीवालासुद्धा बैलांच्या गळ्यातली घुंगरं मुठीत धरून यायचा. आणि आज? मागच्या स्वयंपाकघरात भांडी आदळत होती. कुणीतरी कुणाला तरी नाव घेऊन हाका मारत होतं. फाटकाला तर कुणी बैलाची जुनी घुंगरमाळ टांगली होती. येणारा-जाणारा ती खळ्ळकन वाजवून आत येत होता.

"गुरुवारचं मौन मोडलंत?"

"कधीच मोडलं."

"का पण? मी त्या मौनावर उभा राहिलो, बुवा! जिथं जातो तिथं सांगतो. गुरूंनी मला मौन दिलं, मी त्याला चाकं लावली." हे वाक्य रविवारच्या भाषणासाठी तयार केलेलं होतं. त्यांना ते फार आवडायचं.

बुवांनी मान किंचित तिरकी केली.

"गाडी चिंचेखाली लावलीस ना?"

"हो. कुणी सांगितलं?"

"गुणगुणत आली. वळणावर होतास तेव्हाच कळलं. हीही विजेचीच का रे?"

"विजेचीच. पोरानं घेऊन दिली."

"मग आवाज कशाचा?"

मुरारराव नाकानं हसले. "तो खोटा आवाज, बुवा. कंपनीनं मुद्दाम बसवलाय. पुढं एक स्पीकर असतो, गाडी हळू चालली की तो वाजतो. परदेशात तर कायदाच झालाय तसा. म्हणजे बघा! मी जो आवाज घालवायला रक्त आटवलं, तो हे शहाणे परत घालतायत."

"कशाला?"

"रस्त्यानं चालणाऱ्यांना कळावं म्हणू…"

वाक्य तिथंच राहिलं.

बुवांनी शेंग फोडली. निवडणाऱ्या बाईचा हात परातीवर थांबला, मग पुन्हा चालू लागला. फाटकावर कुणीतरी माळ वाजवली.

मुराररावांनी घसा साफ केला. अवघड जागी आलं की विषय बदलावा, ही त्यांची जुनी सवय.

"गाडीपुढं पाटी लागणार आहे. मजकूर मीच दिलाय. तुमचं नाव आहे त्यात, म्हणून एकदा तुमच्या कानावर घालतो." आणि त्यांनी तो पाठ म्हणून दाखवला, शाळेत कविता म्हणावी तसा. "'हंसिनी. काळाच्या पुढची गाडी. पहिले प्रवासी, श्रीसंत रेवणबुवा. एका अंध स्त्रीच्या बेसावधपणामुळे अपघात घडला आणि समाजाच्या अज्ञानापुढे हा प्रयोग थांबला.'"

बाईनं हातातली शेंग खाली ठेवली.

"त्यात नाव नाही," बुवा म्हणाले.

"आहे की! श्रीसंत रेव…"

"माझं नव्हे. त्या बाईचं."

मुरारराव गडबडले. "तिचं… दूध घेऊन यायची ती. वाडीवरची. काय बरं नाव होतं? जिभेवर आहे अगदी."

"शेवंता, सांग गं ह्यांना."

शेवंतानं पदराला हात पुसले. साठीची बाई, पण पाठ ताठ होती.

"सुंदरा. समदी सुंदराक्का म्हनायची." ती थांबली. "माजी आई."

आता मुराररावांनी तिच्याकडे बघितलं. एवढा वेळ तिच्यासमोर बसून पहिल्यांदा बघितलं. तोंडावरचा रंगच उडाला बिचाऱ्यांचा. पण सवय कुठं जाते?

"मला कल्पना नव्हती, बाई. वाईट झालं ते. फार वाईट झालं. पण राग मानू नका, खरं ते खरं. तुमची आई रस्त्याच्या मधून चालत होती."

"रोजच चालायची. त्यात मोतीबिंदू. कडेचा चर तिला दिसायचा न्हाई, म्हनून मधनं चालायची. यष्टी आली की कोसावरनं कळायचं तिला. बैलगाडी आली की म्हनायची, ह्यो पाटलाचा ढवळ्या, ह्यो कुंभाराचा. बाजूला व्हायची. जल्मात कुनाला धडकली न्हाई माजी आई."

शेवंतानं मांडीवरची टरफलं झटकली.

"खुबा मोडला. तीन वरसं हातरुनात हुती. शेवटाला तर समदं इसरून गेली, एकच धोशा उरला. शेवंते, मला काय धडकलं गं? आमी सांगायचो, आये, मोटार हुती. ती म्हनायची, उगा खोटं बोलू नगंस, मोटार आसती तर मला ऐकू आली आसती." शेवंता मुराररावांकडे वळली. "मरताना बी तिला खरं वाटलं न्हाई. आन तुमी तिला बेसावध म्हनताय व्हय सायेब?"

मुराररावांनी बुवांकडे मदतीसाठी बघितलं. बुवांच्या पांढऱ्या पडलेल्या डोळ्यांत मदत नव्हती.

"हॉर्न होता गाडीला," मुरारराव म्हणाले. मग एकदम आवाज चढला. "होता हॉर्न! पण गुरुवार होता, बुवा. नियम तुमचा होता. मठाच्या हद्दीत आवाज करायचा नाही, हे मला शिकवलं कुणी?"

"मी."

"मग?"

"तुझ्या शेजारी बसलो होतो मी, मुरार. माझे डोळे तेव्हा चांगले होते. सुंदरा डोक्यावर दुधाची चरवी घेऊन चालली होती. तुझ्याआधी मला दिसली ती." बुवांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "एक हाक मारली असती तर बाजूला झाली असती… गुरुवार होता."

आत कुणीतरी भांडं आदळलं.

मुराररावांना आपला अंगठा आठवला. हॉर्नच्या बटणावर गेलेला, आणि तिथून परत आलेला. आणि हेही आठवलं, की त्या वेळी नियम-बियम काही त्यांच्या डोक्यात नव्हता. फाटकापाशी सगळा मठ ताटकळत उभा होता. हंसिनी हंसासारखी तरंगत, चाहूलही न देता आत यावी आणि सगळ्यांनी तोंडात बोटं घालावीत, एवढंच त्यांना हवं होतं. तो क्षण एका दूधवालीपायी नासू नये म्हणून अंगठा परत आला होता. नियम त्यांना नंतर सापडला. हे त्यांनी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं, आणि आताही ते बोलले नाहीत.

बोलले ते दुसरंच.

"बुवा… चाळीस वर्षं लोक मला हसले. पोरगा हसला. भुताची गाडी म्हणून पोरांनी तिच्यावर दगड मारले. त्या गाडीत बसलेलं माणूस आता तुम्ही एकटेच उरलात. माझं काही फार मागणं नाही. ती पुढे होती, एवढं एकदा म्हणा. मग मी सुखानं डोळे मिटेन."

त्यांनी हात जोडले होते. ते खोटं नव्हतं.

"पुढे होती," बुवा म्हणाले.

मुराररावांनी मान वर केली.

"खरंच होती. तशी गाडी मी तेव्हा बघितली नव्हती, पुढंही कुणाची ऐकली नाही. वाऱ्यावर बसल्यासारखं वाटलं होतं मला. घे, म्हटलं."

चाळीस वर्षं ज्या शब्दांसाठी जीव टांगणीला लागला होता, ते शब्द मिळाले. आनंद होईल असं मुराररावांना वाटलं होतं. कशाचा काय! ताटात वाढलेलं अन्न आणि तोंडाला चवच नाही, तसं झालं.

"शेवंता, फाटकावरची माळ आण गं."

शेवंता उठली. खळखळ आवाज करत माळ ओट्यावर आली. जुन्या चामड्याची होती, घुंगरं काळी पडली होती. मुराररावांनी ती ओळखली. ओळखायला नको होती, पण ओळखली.

अपघाताच्या आदल्या दिवशी सुंदराक्का त्यांच्या गाडीपाशी आली होती. दोन्ही हातांनी तिनं गाडी चाचपली, टपापासून चाकापर्यंत, नवी गाय चाचपावी तशी. मग म्हणाली होती, ल्योका, लई ग्वाड हाय तुजी गाडी, पर आमच्यासारख्याला कळंल आसं कायतरी बांध हिला. आणि मेलेल्या बैलाची ही माळ पुढं केली होती. मुरारराव खो खो हसले होते. आक्के, बैलगाडी वाटली का ही तुला? माळ तिच्या हातात परत दिली होती.

तिच्यामागं शेवंतानंच ती मठाच्या फाटकाला टांगली असावी. शेवंतानं ती आता मुराररावांच्या मांडीवर ठेवली. तिचे डोळे कोरडे होते आणि तेच मुराररावांना सोसेना.

त्यांनी माळेवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. जन्मभर काही ना काही जुळवत आलेलं डोकं ते, स्वस्थ थोडंच बसणार?

"बुवा, कळलं मला. आजच फोन करतो. 'बेसावधपणा' शब्द काढून टाकायला लावतो. आणि ही माळ… ही हंसिनीलाच बांधू! बॉनेटवर, पुढच्या बाजूला. वर एक छोटा दिवा सोडायला सांगतो. खाली आक्काचं नाव आणि दोन ओळी. बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल हो! ही बाई फीत कापायला आली तर फारच छान. फोटो येतील पेपरात. तुम्ही दोघं रविवारी फक्त…"

शेवंता उठून आत निघून गेली.

मुराररावांना ते कळलं नाही. ते माळ उलटसुलट करून कुठून बांधता येईल ते बघत होते.

रेवणबुवांनी हात पुढं केला. चाचपत चाचपत माळेचं एक टोक धरलं. घुंगरं वाजली.

"गाडीला कशाला?" बुवा म्हणाले. "ती थांबली कधीच. अजून धावतोयस तो तू. तू घाल गळ्यात."