फोटोपुरता धूर

शाळेच्या बसचा धूर लेक ईराच्या छातीत बसलाय की आपल्याच डोक्यात, या काळजीने शर्वरीला झोप लागली नव्हती. पालकसभेत ती एकटीच बोलली.

शाळेचे अध्यक्ष दळवीसाहेब हसले. “ताई, २०४०पर्यंत सगळ्या बस विजेवर! लक्ष्य ठरलंय. तोवर सोसायचं थोडं.”

टाळ्या पडल्या. मग साहेब फोटोसाठी बाहेर आवारातल्या बसच्या मागे, ‘स्वच्छ इंधन २०४०’ या फलकाशेजारी उभे राहिले.

शर्वरी चाचरत म्हणाली, “साहेब, फोटो होईपर्यंत इंजिन चालू ठेवूया का? तुम्हाला दोनच मिनिटं सोसायचंय.”

साहेब टुणकन बाजूला झाले. “उद्याच ही बस दुरुस्तीला धाडा!”

बाकीच्या आया शर्वरीकडे न बघताच पांगल्या. ईराने तिचा हात ओढला.

“आई, त्या मावश्यांच्या मुलांना खोकला होत नाही?”