भुरीचा पहारा

खूप जुनी गोष्ट आहे. सागाच्या रानात सातभाई पक्ष्यांचा एक थवा होता. सगळे खाली किडे टिपत, तेव्हा त्यांच्यातली भुरी फांदीवरून पहारा करी. एकदा शिकारी पक्षी शिक्रा आला असं समजून ती ओरडली, पण ते वाऱ्यावर आलेलं पान होतं.

थव्याचा म्होरक्या थोरला सर्वांदेखत म्हणाला, "वा गं राखणदारीण! पानाला भितेस? पुन्हा खात्री केल्याशिवाय चोच उघडू नकोस!" सगळे हसले. थोरल्यालाही आपलं बोलणं आवडलं.

पुढे एका सकाळी खरोखरच शिक्रा आला आणि थोरल्याचं पिल्लू उचलून घेऊन गेला.

"भुरे, ओरडली का नाहीस?" थोरल्यानं विचारलं.

"खात्री करत होते, दादा," भुरी रडत म्हणाली.

तिला रागवायला थोरल्याजवळ तोंडच उरलं नव्हतं.