ठेंगण्या टेबलाचा मान

वस्तू अजून मनातलं बोलून दाखवत, त्या काळची गोष्ट. खेळण्यांच्या एका कारखान्यात नक्षी कापणारी करवत ठेंगण्या टेबलावर बसवली होती. तिच्यापुढे भिकाजी चितारी दिवसभर ओणवा होऊन लाकडी मोर कापत असे. मान दुखू लागली, तेव्हा त्याने टेबलाच्या पायांखाली विटा लावल्या. टेबल मुद्दाम डगमगलं. बिचाऱ्याने विटा काढून टाकल्या.

करवत कळवळली. "अहो टेबलराव, असं काय करता? मी त्याच्या कोपराच्या उंचीला आले असते, तर तो ताठ बसला असता."

"वा गं शहाणे! माणूस दिवसभर माझ्यापुढे वाकतो, तो मान मी सोडू?"

बघायला येणारेही म्हणत, "काय ही तन्मयता!" टेबल आणखीच फुगे.

वर्षं गेली. खंडेनवमीला भिकाजीने सगळ्या हत्यारांना झेंडू वाहिला आणि तो दाराकडे वळला.

टेबल खवळलं. "अरे, नमस्कार न करताच चाललास?"

"केलाही असेल," करवत रडत म्हणाली. "त्याला आता सरळच होता येत नाही. वाकला कधी, हे तुम्हाला कळणार कसं?"