सायाळमावशीचे काटे

फार पूर्वी रानात करंजाच्या झाडाखाली जनावरांचा दवाखाना होता. तिथली मुख्य परिचारिका होती सायाळमावशी. कुणी काही विचारायला आलं की तिचे काटे उभे राहायचे.

एका सकाळी दवाखान्यातल्या एका पाडसाचा पाय सुजून टम्म झाला. पायावरची पट्टी फार घट्ट बसली होती.

"खारे, कालच का नाही सांगितलंस?" मावशी परिचारिका खारीवर कडाडली.

"दोनदा आले होते, मावशी. तुमचे काटे बघून परत फिरले."

मावशीने सगळीकडे पाहिलं. साऱ्या परिचारिका तिच्यापासून चार हात लांब उभ्या होत्या. रोजच तशा उभ्या राहत, आणि तिला तो आदर वाटायचा.

तिने मान खाली घातली. काटे अंगाशी दाबून ती पाडसाजवळ बसली.

"ये खारे, आपण दोघी मिळून गाठ सोडवू."

खार एक पाऊल पुढे आली आणि काट्यांकडे बघून थबकली. पाडस कण्हत होतं.