महाराजांचा मोठा पाना

"बोल्ट पुन्हा तुटला!" मोटारीखालून सरपटत बाहेर येत महाराज ओरडले.

भैरणगडच्या महाराजांना आपली मोटार आपणच दुरुस्त करायचा नाद होता. मोटार दुरुस्त होत नसे आणि नाद सुटत नसे. इंजिनाच्या तळाचा, तेल अडवून धरणारा बोल्ट त्या आठवड्यात तिसऱ्यांदा तुटला होता. महाराज काळ्या तेलाने माखले होते.

"वा! तेलसुद्धा सरकारांना काय शोभून दिसतं!" दिवाणजी म्हणाले.

बोल्ट नेमका किती आवळायचा ते सांगणारे तीन पाने महाराजांनी विलायतेहून मागवले होते. पान्यावर आकडा लावायचा. तेवढा जोर पडला की पाना 'टक्' वाजायचा. एक वीतभर, एक हातभर, आणि एक थेट माणसाच्या छातीपर्यंत येणारा. दिवाणजींनी डोळे झाकून तिसरा निवडला होता. "राजाच्या हातात मोठाच हवा!" तो मोटारीखाली मावेना, म्हणून मोटार विटांवर चढवली होती.

"हैबती!" महाराजांनी आपल्या फिटरला हाक मारली. "बोल्ट कच्चे आणतोस काय? आता याच पान्याने, वीसच्या आकड्यावर, तू आवळून दाखव. 'टक्' ऐकू आलं पाहिजे. बोल्ट तुटला, तर आजच्या आज संस्थान सोडायचं!"

हैबतीने पाना हातात घेतला. त्यावरचे आकडे शंभरपासून सुरू होत होते; महाराज शंभराच्या खाली अंदाजानेच वीस लावत होते! पण दिवाणजींची निवड चुकली असं म्हणायचं कसं? तो घामाघूम झाला.

त्याची भाकरी घेऊन आलेली मुलगी तानी पुढे झाली. "सरकार, बाबा आवळतील. पण आधी त्या तराजूवर मला एक वस्तू तोलू द्या."

त्या दिवशी महाराजांचा वाढदिवस होता. दर वर्षी याच दिवशी महाराजांना गुळाने तोलत आणि तो गूळ गावात वाटत. त्यासाठी वाड्याच्या याच चौकात प्रचंड तराजू टांगला होता आणि राणीसाहेबही तिथे येऊन बसल्या होत्या.

"काय तोलणार गं?"

"राणीसाहेबांची नथ."

राणीसाहेबांना गंमत वाटली. त्यांनी नथ काढून दिली. तानीने ती पारड्यात ठेवली. तराजू जराही हलला नाही.

"सरकार, या नथेला वजनच नाही!"

"वजन नाही?" राणीसाहेब कडाडल्या. "चांगली दीड तोळ्याची आहे! गूळ तोलायच्या तराजूला नथ काय कळणार?"

"मग शंभरपासून मोजणाऱ्या पान्याला वीस काय कळणार, राणीसाहेब? सरकार 'टक्'ची वाट बघत आवळत राहतात, पाना गप्पच राहतो. शेवटी वाजतो तो बोल्ट!"

महाराजांनी तुटलेला बोल्ट उचलून पाहिला.

"मग वीतभर घ्यावा," दिवाणजी घाईने म्हणाले. "मी तेच सुचवणार होतो!"

"तो पंचवीसवर संपतो, दिवाणजी. चाकाचे नट साठपर्यंत आवळावे लागतात. सरकारांना सोनाराच्या काट्यावर बसवाल का? हा हातभर पाना दहापासून ऐंशीपर्यंत जातो. बोल्टही आवळेल, चाकंही."

हैबतीने नवा बोल्ट लावला, हातभर पान्यावर वीसचा आकडा लावला आणि हळूहळू फिरवला.

टक्!

इंजिनात तेल ओतलं. खाली एक थेंब पडला नाही.

"आणि या मोठ्या धुडाचं काय करू?" महाराजांनी हसू दाबत विचारलं.

तानीने पान्याकडे पाहिलं, मग दिवाणजींकडे.

"दरबारात उभं करा, सरकार. बोलायच्या वेळी गप्प बसणारे तिथे पुष्कळ आहेत. वेगळं दिसणार नाही."

महाराज इतके हसले, की त्यांना मोटारीचा आधार घ्यावा लागला. त्यांनी मोटारखान्याची किल्ली हैबतीला दिली आणि गुळाची पहिली ढेप तानीच्या हातावर ठेवली.

"दिवाणजी," ते डोळे पुसत म्हणाले, "उचला तो पाना! तुमच्या खांद्यावर काय शोभून दिसेल!"