गजराबाईंची गंजी

एका गावात सदाशिव नावाचा शिंपी राहत होता. त्याच्या मुलीचं, नलूचं, लग्न ठरलं आणि त्याचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. लग्न दारातच मांडव घालून करायचं होतं. पाचशे माणसं येणार होती. शेजारच्या गावात एका लग्नात मांडव कोसळून दोन पाहुणे जायबंदी झाल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. तेव्हापासून तो शिवता शिवता उठायचा, दारात जायचा आणि पुन्हा मशीनवर येऊन बसायचा.

एक दिवस विमा एजंट वसंत कापड घेऊन आला. सदाशिवची घालमेल पाहून तो म्हणाला, "लग्नाचाही विमा मिळतो, काका. मांडवात कुणाला इजा झाली, शेजाऱ्याचं काही जळलं, तर भरपाई कंपनी देते."

सदाशिवची बायको विमल आतून म्हणाली, "शुभकार्यात हे कसलं अभद्र बोलणं? काही होत नाही."

सदाशिवला दोघांचंही पटत होतं. विमा घ्यावा, तर आपणच संकटाला बोलावणं धाडतोय असं वाटे. न घ्यावा, तर डोळ्यांपुढे मांडव पडताना दिसे. निर्णय होईना, म्हणून तो सारखा पाहत फिरू लागला. मांडववाल्याकडून त्याने प्रत्येक खांब पुन्हा ठोकून घेतला. आचाऱ्याला चुलीची जागा बदलायला लावली. मांडवाला लागूनच गजराबाईंचा गोठा होता आणि गोठ्यामागे कडब्याची गंजी. गजराबाई एकट्या होत्या. त्यांची एकच म्हैस होती, पारडी असल्यापासून हाताने वाढवलेली. नलूही तिचंच दूध पिऊन मोठी झाली होती. नवरदेवाच्या मामाने फटाक्यांची गोष्ट काढली, तेव्हा सदाशिवने हात जोडून सांगितलं, "वाटेल ते मागा, पण फटाके नकोत. बाजूला गंजी आहे."

लग्नाला दोन दिवस उरले. अखेर सदाशिवला राहवेना. त्याने वसंतला बोलावलं आणि विमा उतरवला. त्या दिवशी तो कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला. त्यानंतर तो मांडवाभोवती फिरला नाही.

लग्न थाटात लागलं. उन्हं कलली, वरात निघायची वेळ झाली. मामाने गाडीतून फटाक्यांचं खोकं काढलं.

सदाशिव म्हणाला, "मामा, गंजी…"

"विमा उतरवलाय ना तुम्ही? मग घाबरता कशाला?" मामा हसला.

सदाशिवने एकदा गंजीकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं, जरा जपून उडवा."

तिसरा बाण वाकडा गेला आणि थेट गंजीत घुसला. वैशाखातला वाळलेला कडबा तो. लोकांनी धावत जाऊन म्हैस सोडली, पाण्याचा टँकर आणला. माणसं वाचली, गोठाही वाचला. गंजीची मात्र राख झाली. गजराबाई ओल्या राखेत उभ्या होत्या. सदाशिव त्यांना म्हणाला, "वहिनी, काळजी करू नका. विमा आहे."

कंपनीचा माणूस आला, फोटो काढून गेला. कागदपत्रं झाली. चाळीस दिवसांनी भरपाई आली. कंपनीने काही हात आखडता घेतला नव्हता, गंजीची पुरती किंमत दिली होती. आता जिवाला स्वस्थता मिळेल, असं वाटून सदाशिव धनादेश घेऊन लगबगीने शेजारी गेला.

गजराबाई रिकामा गोठा झाडत होत्या.

"वहिनी, म्हैस कुठंय?"

"बुधवारच्या बाजारात विकली, भावजी."

"अहो, पण पैसे येणारच होते!"

"पैसे येणार होते, पण ऐन उन्हाळ्यात कडबा कुठं मिळणार होता? आठ गावं फिरले. बांधावरचं गवत कापून घातलं, तेही संपलं. उपाशी हंबरायची. ऐकवेना." गजराबाईंनी झाडू भिंतीला टेकवला. "भावजी, एक विचारू? विमा नसता, तर त्या दिवशी फटाके उडवू दिले असते का?"

सदाशिवने धनादेश त्यांच्या हाती दिला आणि खाली मान घालून तो घरी आला. मशीनवर बसला, उठला, दारात गेला, पुन्हा बसला. त्या दिवशी त्याच्या हातून एकही टाका नीट पडला नाही.

तात्पर्य: विमा जरूर उतरवावा, पण वागावं मात्र तो उतरवलाच नाही असं. भरपाई नुकसानीची किंमत देते, गेलेली गोष्ट परत देत नाही.